गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला माणूस

छत्तीसचा रोल म्हटला तरी तो नीट भरला तर त्यात सदतीस, कधी अडतीस फोटो बसतात. पहिला एखादा निम्मा जळतो, शेवटचा कधी अर्धाच येतो. हा हिशोब आता कोणाच्या कामाचा नाही. रोलच राहिले नाहीत. पण मला जे सांगायचं आहे ते रोलमध्ये उरलेल्या जागांमुळंच घडलं, म्हणून सुरुवात तिथून करतो.

शिरूरला एसटी स्टँडवरून बाजाराकडं जाताना डाव्या हाताला माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, शाळा-कॉलेजच्या फॉर्मचे फोटो, पेन्शनसाठी नवरा-बायकोचा जोडफोटो आणि लग्नसराईत लग्नं, एवढाच धंदा. पासपोर्टवाल्या गिऱ्हाइकाला फोटो उद्या पाहिजे असतो. रोल मात्र छत्तीसचा. एकोणतीस माणसं झाली आणि सात जागा उरल्या, तर त्या सात तशाच धुवायच्या म्हणजे वाया घालवायच्या, आणि भरेपर्यंत थांबायचं तर माणूस दारात उभा. काही फोटोवाले अशा वेळी पंख्याचे, कॅलेंडरचे फोटो काढून रोल संपवत. माझ्या जिवाला ते पटेना. मी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचो आणि रस्त्यावर जो दिसेल त्याचा फोटो काढायचो.

असे मी बरेच काढले. कांद्याच्या गोण्यांवर झोपलेले हमाल, स्टँडवर उसाचं कांडकं सोलत बसलेल्या बाया, न्हाव्यापुढं डोळे मिटून मान दिलेले सरपंच. सासुरवाडी दौंडची, त्यामुळं दौंडला गेलो की स्टेशनवरचे चहावाले आणि गाडीची वाट बघणारी माणसंही त्यात आली. यांना आम्ही दुकानात ‘उरलेले’ म्हणायचो. बरे आलेले उरलेले मी पोस्टकार्डाएवढे छापून, मागं रोल नंबर टाकून बुटाच्या खोक्यांत ठेवायचो. शेवटी मोजले तेव्हा दोन हजार तीनशे अकरा भरले.

काढताना मी कोणाला विचारत नसे. हे बरोबर होतं असं मी आज म्हणणार नाही. तेव्हा मात्र मनात एवढंच होतं की विचारलं की माणूस ताठ उभा राहतो, बटणं लावतो आणि फोटो पासपोर्टचाच होतो. दौंडच्या मंडईत एका भाजीवाल्या म्हातारीनं मला पकडलं होतं.

“काढलास न्हवं माझा फोटू? मग मला दे. माझं तोंड तुझ्या घरात कशाला?”

म्हणणं रास्त होतं. पुढच्या खेपेला मी छापून नेऊन दिला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि शेजारणीकडं दिला. “ही मी न्हवं गं. मी येवढी म्हातारी कवा झाले?”

शेजारीण म्हणाली, “लई दिस झालं. तुला कुणी सांगितलं न्हाई.”

मला तेव्हा याचं हसू आलं होतं.

माझ्याकडं एक वही असायची. प्रत्येक रोलला क्रमांक, समोर तारीख, त्यापुढं गिऱ्हाइकांची नावं आणि शेवटी उरलेले किती व कुठले. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर तोच क्रमांक. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोची कॉपी मागायला कोणी आलं तर मी चार मिनिटांत निगेटिव्ह काढून द्यायचो. तालुक्यात दुसरा कोणी देत नव्हता. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हतो. शेजारी रफीकभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. ते मला वहीवाले म्हणायचे. “वहीवाले, देवानं वर विचारलं ना की काय केलंस, तर तुम्ही रोल नंबर सांगाल.”

दोन हजार आठ साली एप्रिलमध्ये न्हावऱ्याहून एक तरुण आला. संतोष नाव, वय बावीस. त्याचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि फोटोंचं काम त्यानं मलाच दिलं होतं. तारीख, वेळ ठरवून झाल्यावरही तो उठेना.

“काका, तुमच्याकडं बाजारातल्या लोकांचे जुने फोटू असत्यात म्हणं.”

“असतात. का?”

“वडलांचा फोटू न्हाई आमच्याकडं. एक बी न्हाई.”

त्याचे वडील किसनराव. ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेले. संतोष तेव्हा सहा वर्षांचा. आई-वडलांच्या लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता, आणि त्यानंतर फोटो काढावा असं काही घडलं नाही. आमच्याकडं वडील नसलेल्या नवऱ्यामुलाच्या लग्नात मांडवात खुर्ची मांडून तिच्यावर वडलांचा फोटो ठेवतात. हार घालतात, नवरा-नवरी पहिल्यांदा त्या खुर्चीच्या पाया पडतात. संतोषला ती खुर्ची रिकामी नको होती. किसनराव दर आठवड्याला बाजाराला यायचे, एवढाच त्याचा आधार.

मी म्हटलं, “तुला चेहरा आठवतो का?”

“न्हाई. आईला आठवतो.”

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. इंदूबाई. चाळिशीच्या पुढच्या, रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. मी खोकी काढून दिली. त्या गिऱ्हाइकांच्या बाकावर न बसता खाली फरशीवर बसल्या आणि एकेक फोटो उचलून बघायला लागल्या. घाई नाही की थांबणं नाही. मी दोन पासपोर्ट काढले, एकाला पैसे परत दिले, रफीकभाईंकडून चहा आला, तो त्यांच्यापुढं गार झाला. तिसरं खोकं निम्मं झाल्यावर त्यांचा हात थांबला.

फोटोत भेळेच्या गाड्याशेजारी एक माणूस बसला होता. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा वर. हातात भेळेचा कागद, तोंड थोडं वळलेलं, चेहरा पाऊण दिसतो. डोक्यावर टोपी नाही. टोपी वर घेतलेल्या गुडघ्यावर घातलेली, डोक्यावर घालावी तशी.

“हेच,” इंदूबाई म्हणाल्या.

संतोष वाकून बघायला लागला. “नक्की, आई?”

“खाताना टोपी गुडघ्यावर घालायचे. म्हणायचे, डोक्याला घाम येतोय, तिला तरी वारं लागू दे.” मग त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, पण बराच वेळ. संतोष आईकडंच बघत राहिला. मला वाटतं, आईला असं हसताना त्यानं फारसं बघितलं नसावं.

मी फोटो ठेवून घेतला. निगेटिव्ह नगरच्या लॅबला पाठवून बारा बाय पंधराचा मोठा करून आणला, फ्रेम केली. संतोष न्यायला आला तेव्हा मी सवयीप्रमाणं मागं रोल नंबर आणि तारीख लिहायला वही उघडली. रोल नंबर एकशे सत्त्याऐंशी. समोर तारीख, अकरा फेब्रुवारी चौऱ्याण्णव.

मी संतोषला विचारलं, “वडील कधी गेले म्हणालास?”

“ब्याण्णव. ऑगस्ट. वारसाची नोंद करताना दाखला काढला हुता, त्यावर हाय.”

ब्याण्णवच्या ऑगस्टपासून चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीपर्यंत अठरा महिने होतात. मी ते बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. गप्प बसता आलं असतं. त्या क्षणी ते मनात आलंही. पण कोणा परक्या माणसाच्या फोटोला हार घालून हा मुलगा पाया पडणार, आणि मला माहीत असून मी त्याचे फोटो काढणार, हे मला खोटेपणाचं वाटलं. मी वही त्याच्याकडं फिरवली आणि तारखेवर बोट ठेवलं.

तो वाचत राहिला. “म्हंजी ह्यो कोण?”

“माहीत नाही. बाजारातला कोणीतरी.”

“आई म्हणाली की.”

“सोळा वर्षं झाली, संतोष. माणसाला असं होतं. टोपी काय, कोणीही गुडघ्यावर ठेवतो.”

टोपीचं हे वाक्य मी बोलून गेलो. आजवर मी हजारो माणसं बघितली, टोपी गुडघ्यावर तशी घातलेला दुसरा माणूस मला दिसलेला नाही. तरी बोललो. त्यानं फ्रेम काउंटरवर ठेवली आणि गेला.

लग्नाला मी गेलोच, कारण काम घेतलं होतं. मांडवात खुर्ची मांडली होती. तिच्यावर कोरं उपरणं आणि त्यावर नारळ. नवरा-नवरी नारळाच्या पाया पडले, मी फोटो काढला. त्याच वेळी संतोषची थोरली चुलती, म्हणजे इंदूबाईंची जाऊ, बायकांच्या घोळक्यात बोलत होती. आवाज मला ऐकू येईल एवढा होता, म्हणजे इंदूबाईंनाही येत होता.

“आमची इंदू तर परक्या बाप्याला हार घालाया निघाली हुती. बरं झालं बाई, फोटूवाल्यानं वही बघितली.”

“आगं, इसरली आसंल,” कोणीतरी म्हणालं.

“नवरा इसरती व्हय बाई? का बाजारात दुसराच कुणी ध्यानात राहिला हुता?”

बायका हसल्या. लग्नघरातलं हसणं, त्यात कोणाला फार वाईट वाटायचं कारण नसतं असं सगळे धरून चालतात. इंदूबाई अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही, मान वळवली नाही. जेवणं झाल्यावर मी सामान आवरत होतो तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या.

“भाऊ, मला माझा माणूस वळखू येईना व्हय?”

मी म्हणालो, “ताई, वहीत तारीख आहे.”

“वहीत आसंल,” एवढं म्हणून त्या गेल्या.

मला माझं वागणं चुकलं असं तेव्हा वाटलं नाही. वाईट वाटलं, पण चुकलं असं नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “नसतं सांगितलं तर काय बिघडत होतं?” मी तिला म्हणालो, “खोट्याला माझी सही कशी देऊ?”

दोन वर्षं गेली. डिजिटल कॅमेरे येऊन सगळा धंदाच बदलला होता. पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत निघायला लागले, उरलेल्या जागा ही भानगडच संपली. मुलीनं सांगितलं म्हणून मी एक स्कॅनर घेतला आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवायला सुरुवात केली. पहिल्या रोलपासून, क्रमानं. महिन्या-दीड महिन्यानं एकशे सत्त्याऐंशी हातात आला.

तिसऱ्या पट्टीत चौथ्या जागी तो माणूस होता. फिल्मच्या कडेला छापलेला आकडा सोळा. त्याच पट्टीतला शेवटचा, म्हणजे अठरावा फोटो बघितला आणि मी खुर्चीवरून उठलो. तो माझ्या मुलीचा होता. नुकतंच जावळ काढलेलं, डोकं गुळगुळीत, उशीला टेकवून बसवलेली. तिचा जन्म एक्क्याण्णवच्या डिसेंबरातला. जावळ काढलं ब्याण्णवच्या मे महिन्यात, दौंडला. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत ती सव्वादोन वर्षांची होती, दोन शेंड्या बांधून दुकानभर पळायची.

सगळं ध्यानात यायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ब्याण्णवच्या जूनमध्ये मी रंगीत फोटोंसाठी नवा कॅमेरा घेतला. ब्लॅक अँड व्हाइटचा जुना कॅमेरा अर्ध्या रोलसकट कपाटात गेला, त्या अर्ध्यात गिऱ्हाइकाचं काही नव्हतं. चौऱ्याण्णवला नवा बिघडून पुण्याला दुरुस्तीला गेला, तेव्हा जुना बाहेर काढला, उरलेला रोल पासपोर्टांवर संपवला आणि धुतला. आणि माझ्या वहीतली तारीख फोटो काढल्याची कधीच नव्हती. ती रोल धुतल्याची होती. फिल्म धुवायच्या रसायनाची, डेव्हलपरची बाटली ठराविक रोल धुतले की फेकून द्यावी लागते, म्हणून मी सुरुवातीपासून धुतल्याची तारीख लिहीत आलो. एरवी काढणं आणि धुणं यांत दोन-तीन दिवसांचा फरक, त्यामुळं माझं मीच विसरून गेलो होतो.

रोलवर सोळावा फोटो अठराव्याच्या आधीच येतो. त्यात मागं-पुढं होत नाही. म्हणजे तो माणूस भेळ खात बसला होता तेव्हा ब्याण्णवचा मे उलटायचा होता आणि किसनराव जिवंत होते. यावरून तो माणूस किसनरावच, असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. एवढंच सिद्ध होतं की इंदूबाईंना खोटं ठरवायला मी जे कारण दिलं ते चुकीचं होतं. पण त्यांच्या विरुद्ध दुसरं काही कोणाकडं नव्हतंच.

मी शेजारी जाऊन रफीकभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्याची भिंगाची नळी काढली.

“वहीवाले, तुमच्या वहीत रोलचा नंबर हाय, तारीख हाय. मानसाचं नाव कुठं हाय?”

“रस्त्यावरच्या माणसाचं नाव मला कसं कळणार?”

“तेच म्हणतो. ते त्या बाईला म्हाईत हुतं.” मग नळी परत डोळ्याला लावत म्हणाले, “आता जाताय का फोन करताय?”

फ्रेम दुकानातच होती. संतोषनं ठेवली तेव्हापासून मी ती काढून टाकली नव्हती आणि लावलीही नव्हती. ती कापडात बांधली, ती वही, निगेटिव्हची पट्टी आणि मुलीचा तो फोटो घेतला आणि मोटरसायकलवर न्हावऱ्याला गेलो. वाटेत बोलायचं ठरवून ठेवलं. जाऊबाईंच्या समोर बोलायचं, हेही ठरवलं, कारण शब्द त्यांच्या तोंडून गेले होते आणि त्यांना ते मी पुरवले होते.

घरी संतोष होता, त्याची बायको होती, ओसरीवर थोरली चुलती लसूण सोलत बसली होती. इंदूबाई गोठ्यातून हात धुऊन आल्या. मी सगळ्यांपुढं वही उघडून सांगितलं. धुतल्याची तारीख, काढल्याची तारीख, सोळा, अठरा. मुलीचा फोटो दाखवला. “माझी चूक झाली. ताई बरोबर होत्या,” असं स्पष्ट शब्दांत म्हणालो. सगळ्यांच्या आधी ते संतोषला कळलं. त्यानं पट्टी उजेडाकडं धरली आणि तशीच धरून ठेवली.

थोरल्या बाई म्हणाल्या, “आता गं बया. आन् आमी काय काय बोललो.” मग लसणाकडं बघत, “जाऊ दे. घरातलंच बोलणं ते.”

संतोषनं कापड सोडून फ्रेम इंदूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, मग जवळ आणली, मग परत लांब. दुकानात फरशीवर बसून त्या बघत होत्या तसं हे बघणं नव्हतं. मला पासपोर्टचे कोरे चेहरे ओळखायची सवय आहे, म्हणून हे मला लगेच जाणवलं.

“आई, बाबाच हायेत,” संतोष म्हणाला.

“आसतील.”

“आसतील काय? तूच वळखले हुते.”

“तवा वळखले हुते,” इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं. “भाऊ, तुमी म्हणाला त्यो दुसरा हाय. सगळी हसली. मग मी म्हटलं, परका बाप्या डोळ्यापुढं नगं. त्यो आला की मी दुसरं कायतरी आठवायची. रोज. आसं करता करता त्यो गेला. पण त्याच्या मागं ह्यांचं बी तोंड गेलं. आता हितं कोण बसलंय, मला सांगता यायचं न्हाई.”

“पण टोपी, ताई,” मी म्हणालो. “टोपी गुडघ्यावर आहे.”

“टोपी काय, कोनीबी ठेवतंय.”

हे मी त्यांना कधी म्हणालो नव्हतो. मी ते संतोषला म्हणालो होतो. त्यानं घरी जाऊन आईला सांगितलं असणार.

सूनबाईंनी चहा आणून ठेवला. शेवटी इंदूबाईंनीच फ्रेम संतोषकडं परत दिली. “तुमी समदी म्हणताय तर लाव. पोराला बाप पायजे.”

संतोषनं ओसरीच्या भिंतीला खिळा ठोकला आणि फ्रेम लावली, सरळ केली. इंदूबाई त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, डोक्यावरून पदर घेतला आणि घरात परका पुरुष आला की बाया सरकतात तशा तिथून जरा बाजूला सरकल्या.